पगारवाढ नको म्हणणारा ऑपरेटर: ईएसआय, कंपनीचा मेडिक्लेम आणि मधली फट

पगारपत्रक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात पगाराचं काम बघतो. सगळे मिळून आम्ही ६४ जण. आधी गेल्या एप्रिलची एक गोष्ट सांगतो, मग प्रश्न विचारतो.

आमचा एक सीएनसी ऑपरेटर. ग्रॉस २०,७०० होता, वाढीनंतर २१,६५० होणार होता. पत्र मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभा. "साहेब, ही साडेनऊशेची वाढ मला नको." मला वाटलं, कमी मिळाली म्हणून रुसलाय. तसं नव्हतं. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे, ईएसआयच्या (सरकारी कामगार विम्याच्या) पत्रावर, एका खाजगी रुग्णालयात. २१,००० ची रेघ ओलांडली की ईएसआय बंद. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम आहे, पण दोन लाखांचा, आणि त्यात नवरा-बायको आणि दोन मुलं एवढेच. आई बसत नाही.

त्याच्या पगारातून महिन्याला १५६ रुपये कापले जातात, मालकाचे ६७३ जातात. एवढ्यात आईसकट सगळं घर, आणि उपचाराच्या खर्चाला वरची मर्यादा नाही. शेवटी मालकांनी वाढ स्थगित ठेवली. माणूस पेढे घेऊन आला! पगारवाढ रोखल्याबद्दल पेढे खाण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

आता प्रश्न. ईएसआयला कायदा आहे. विमा कंपनीवर आयआरडीएआय ही नियामक संस्था आहे. पण मालकाने कामगाराला मेडिक्लेम द्यायचा की नाही, किती लाखांचा द्यायचा, आईवडील घ्यायचे की नाही, नोकरी सुटल्यावर काय, यावर कोणाचाच अंकुश दिसत नाही. "एक तर ईएसआय, नाहीतर निदान एवढं तरी कवच" असा नियम असावा का? जाणकारांनी लिहावं.

चहाबिस्कीट

वाढ परत करणारा कामगार आणि त्याचं ऐकून घेणारा मालक एकाच शेडमध्ये? पत्ता द्या, सहल काढू. (हलके घ्या.)

निमा_हिंजवडी

आमच्याकडे वेगळंच रडगाणं. आयटीत असल्यामुळे ईएसआयशी कधी संबंध आला नाही. पाच लाखांचं कवच, सासूसासरे पण आत, पहिल्या दिवसापासून सगळे आजार चालतात. बारा वर्षं स्वतःची पॉलिसी काढली नाही, कारण गरजच वाटली नाही. दीड वर्षापूर्वी कपात झाली. शुक्रवारी लॅपटॉप जमा केला आणि सोमवारी सासऱ्यांच्या मोतीबिंदूसाठी फोन केला, तर ई-कार्ड बंद! शेवटचा दिवस संपला तसं यादीतून नाव गेलं. एचआरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅम, पॉलिसी तर कंपनीची होती ना." बारा वर्षांत हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं.

नंतर बाजारात पॉलिसी घ्यायला गेले तर नवऱ्याच्या मधुमेहाला तीन वर्षांची प्रतीक्षा, म्हणजे तोवर त्याचा खर्च मिळणार नाही.

टीपीए_वाला

निमाताई, तुमच्या बाबतीत जे झालं ते टाळता आलं असतं, म्हणून सविस्तर लिहितो. नऊ वर्षं टीपीएत, म्हणजे विमा कंपन्यांचे क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीत काढली आहेत, आता बाहेर आहे.

ग्रुप पॉलिसीत पॉलिसीधारक म्हणजे तुमचा मालक. तुम्ही जोडलेल्या यादीतलं एक नाव. पण नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षाकाळातून वजा होतात. याला मायग्रेशन म्हणतात आणि ते आयआरडीएआयच्या नियमात आहे. नवऱ्याच्या मधुमेहाचा प्रश्न तिथेच सुटला असता. अडचण एवढीच की कवच चालू असताना अर्ज करावा लागतो, आणि हे सांगायचं कोणी? विमा कंपनीला तुमचा फोन नंबरही धड माहीत नसतो. एचआरला शेवटच्या दिवशी लॅपटॉपच्या चार्जरची काळजी जास्त.

धागाकर्त्यांच्या दोन लाखांबद्दल. त्यात खोलीभाडं बहुधा एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० असेल. बघून घ्या. माणूस ४,००० च्या खोलीत गेला की फक्त भाड्यातला फरक कापत नाहीत. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळ्याला अर्धी कात्री लागते. औषधं आणि इम्प्लांट यातून वगळलेले आहेत, पण बाकीचं बिल पाहून नातेवाईक आमच्यावरच ओरडायचे.

आणि छोट्या कंपन्यांचं खरं दुखणं नूतनीकरणाला कळतं. ६४ माणसांचा हप्ता समजा पाच लाख आणि वर्षात क्लेम गेले सात लाखांचे. ब्रोकर येऊन सांगणार: आईवडील काढा, वीस टक्के कोपे लावा (बिलाचा तेवढा वाटा रुग्णाने भरायचा), नाहीतर हप्ता दीडपट. एका माणसाचा कॅन्सर त्रेसष्ट जणांच्या आईवडिलांना बाहेर काढतो. हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

उगाच_एक

माहितीपूर्ण. वाचतोय.

कडवट_काढा

मी उलट बाजूने बोलणार आहे, चपला तयार ठेवा.

नियम केला की काय होईल? माझा २२ माणसांचा छपाईचा व्यवसाय आहे, मेडिक्लेम मी स्वखुशीने देतो. उद्या "किमान पाच लाख, आईवडील सक्तीचे" असं म्हटलं तर मी हिशोब मांडून चार माणसं कंत्राटावर टाकीन. वाईट वाटेल, पण टाकीन. त्यात ग्रुपच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीचा माफ केला, ग्रुपचा तसाच ठेवला. कामगाराला कवच देणाऱ्याकडून कर घ्यायचा आणि वर नियमांचा बडगा?

आणि ईएसआयचं एवढं गुणगान चाललंय, तुमच्यापैकी किती जण त्या दवाखान्याच्या रांगेत उभे राहिलेत? माझी माणसं पैसे भरतात आणि ताप आला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातात. ज्याला चांगला मेडिक्लेम आहे त्याला ईएसआयमधून सूट द्या, विषय संपला.

चलनवाला

काढासाहेब, सूट मागायची सोय जुन्या ईएसआय कायद्यात होती, कलम ८७, आणि आता नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. अट अशी की तुमच्या सोयी ईएसआयच्या तोडीच्या किंवा सरस हव्यात. आणि इथेच मेडिक्लेम आपटतो.

ईएसआय म्हणजे नुसता दवाखाना नव्हे. आजारपणात वर्षात ९१ दिवस ७० टक्के पगार. बाळंतपणाला २६ आठवडे. कामावर हात गेला तर पगाराच्या ९० टक्क्यांवर आधारित आयुष्यभराचं निवृत्तिवेतन, माणूस गेला तर घरच्यांना तेच. कोणता मेडिक्लेम हे देतो? तुमच्या २२ जणांपैकी जो २१,००० च्या वर आहे त्याची बोटं कटिंग मशीनमध्ये गेली, तर भरपाईच्या कायद्याने ती रक्कम तुमच्या खिशातून जाते. पॉलिसी काढली आहे का त्याची?

कडवट_काढा

...उद्या ब्रोकरला फोन करतो.

चहाबिस्कीट

काढा गोड झाला. नोंद घ्यावी.

अण्णा_लालबाग

रांगेचा विषय निघालाच आहे तर बोलतो. मी उभा राहिलोय त्या रांगेत. गिरणीत होतो तेव्हापासून. ईएसआय २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत सुरू झालं, मुंबईत दोनेक वर्षांनी आलं. गिरणगावात ते आमचं होतं. बायकोची दोन्ही बाळंतपणं कामगार रुग्णालयात झाली, नर्स ओरडायच्या, पण बिल नावाचा कागद मी कधी पाहिला नाही.

आता बघा. पगाराची रेघ १९९७ ला साडेसहा हजार, २००६ ला दहा हजार, २०१० ला पंधरा हजार. १ जानेवारी २०१७ पासून एकवीस हजार. रेघ सरकायला दर वेळी वर्षं लागतात, तोवर पगार वाढत राहतात. मग बाहेर कोण पडतं? कुशल कामगार, सुपरवायझर, युनियनमधला बोलका माणूस. जो साहेबाच्या टेबलावर हात आपटून विचारायचा की औषध का नाही, तोच बाहेर. आत राहतो तो कंत्राटी पोरगा, त्याला अर्धा दिवस रजा मिळत नाही, तो कोणाला जाब विचारणार? दवाखाने का बिघडले याचं माझं उत्तर हे आहे. डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं गेली तेव्हा चार दिवस बातम्या चालल्या. ज्यांच्या घरातलं कोणी तिथे जात नाही त्यांनी पाचव्या दिवशी काय करायचं?

म्हणून मी म्हणतो, खाजगी मेडिक्लेमला नियम लावत बसण्यापेक्षा रेघ पुसा. सगळ्यांना ईएसआयत आणा, साहेबासकट. मेडिक्लेम त्याच्यावर लोणच्यासारखा घ्या, जेवण म्हणून नको.

निमा_हिंजवडी

अण्णा, दंडवत. पण खरं सांगू? मला उद्या पगारातून पावणेएक टक्का कापून ईएसआयच्या रांगेत उभं केलं तर मीच पहिली ओरडेन.

अण्णा_लालबाग

ओरडाच बाई. तेच तर हवंय.

श्टुटगार्टचा_गणू

इथे जर्मनीत उलटी रेघ आहे, म्हणून मजा वाटली. ठरावीक उत्पन्नाच्या खाली असाल तर सरकारी आरोग्य विम्यात राहणं सक्तीचं, त्या रेघेच्या वर गेलात तर निवड तुमची. २०२५ साठी वर्षाला ७३,८०० युरो होती. कोणी हाकलत नाही. सरकारीत राहिलात काय किंवा खाजगीत गेलात काय, मालकाला त्याचा वाटा भरावाच लागतो.

पण मेख आहे. तरुणपणी खाजगी स्वस्त पडतो म्हणून लोक जातात, वय वाढलं की हप्ता चढतो, आणि पंचावन्ननंतर सरकारीत परत यायची वाट जवळजवळ बंद. तारुण्यात दुसरीकडे भरायचं आणि म्हातारपणी सरकारकडे यायचं, हे चालू देत नाहीत. माझे एक शेजारी सत्तरीत आहेत, हप्त्याचं पत्र आलं की दोन दिवस बागेत काम करतात, कोणाशी बोलत नाहीत.

मॉन्ट्रियलची_माई

धागाकर्त्यांनी जे विचारलं आहे जवळपास तेच क्युबेक प्रांतात औषधांच्या बाबतीत आहे, म्हणून लिहिते. इथे डॉक्टर आणि रुग्णालय सरकारी विम्यात येतं, पण दुकानातून घ्यायची औषधं त्यात नव्हती. १ जानेवारी १९९७ पासून कायदा आला की प्रत्येकाला औषधांचा विमा असलाच पाहिजे. नोकरीत ग्रुप विमा मिळत असेल तर तो घेणं सक्तीचं, जोडीदार आणि मुलांसकट. मिळत नसेल तर सरकारी योजना. मधे लोंबकळत राहायची सोयच नाही.

मालकावर विमा देण्याची सक्ती नाही, हे लक्षात घ्या. पण आरोग्याचा ग्रुप विमा द्यायचा ठरवला तर त्यात औषधं असायलाच हवीत, आणि सरकारी योजनेपेक्षा कमी देता येत नाही. वय किंवा आजार बघून कोणाला वगळता येत नाही. माझी नोकरी गेली तेव्हा सरकारी योजनेत नाव घालायला एक फोन पुरला.

आणि टीपीए_वाला यांनी ती एका कॅन्सरची गोष्ट लिहिली ना, त्यावर इथे उपाय आहे. मोठ्या औषधखर्चाची जोखीम विमा कंपन्यांनी आपसांत वाटून घ्यायची, असं कायद्यातच आहे. बेकरीतल्या आठ जणांपैकी एकाला महागडं इंजेक्शन लागलं म्हणून बेकरीचा हप्ता तिप्पट होत नाही.

टीपीए_वाला

माई, हे मला नवीन आहे, आणि मला वाटतं या धाग्यातला सगळ्यात कामाचा मुद्दा हाच. आपल्याकडे किमान कवच सक्तीचं केलं आणि जोखीम वाटून घ्यायची सोय केली नाही, तर काढासाहेब म्हणतात तेच होईल. छोटा मालक आजारी माणूस नोकरीवर घेताना दहादा विचार करेल. आधी वाटणी, मग सक्ती.

वेर्णेकार

गोव्यात आमच्याकडे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, २०१६ पासून. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख. पगार विचारत नाहीत, गोव्यात पाच वर्षं राहिल्याचा दाखला विचारतात. वेर्ण्याच्या कारखान्यातला माझा मित्र कंपनीचं कार्ड आणि दीनदयाळचं कार्ड दोन्ही पाकिटात ठेवतो. आणि खरंच मोठं काही झालं की दोन्ही पाकिटातच ठेवून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो.

चहाबिस्कीट

अवांतर: बांबोळीच्या कँटीनची भाजीपाव कोणत्या योजनेत येते?

वेर्णेकार

ती योजनेच्या पलीकडची आहे.

रेशनकार्ड_पांढरं

भाजीपाव बाजूला ठेवा. धागाकर्ते, त्या ऑपरेटरच्या आईसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना बघितलीत का? पूर्वी मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांसाठी होती. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात सगळ्या शिधापत्रिकांना लागू आहे, पांढऱ्यालाही, आणि मर्यादा दीड लाखावरून पाच लाख झाली. डायलिसिस त्यात आहे. आई सत्तरीच्या वर असतील तर आयुष्मानचं वेगळं कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न बघता मिळतं, खाजगी विमा किंवा ईएसआय असला तरी चालतं. म्हणजे सरकारी आणि खाजगी एकत्र नांदू शकतात हे सत्तरीनंतर मान्य केलं आहे. त्याआधी का नाही, देव जाणे.

पगारपत्रक

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. आई ५८ च्या आहेत. महात्मा फुलेची चौकशी त्याने केली होती. जवळच्या केंद्रात प्रतीक्षायादी लांब होती, आणि डायलिसिसचं रुग्णालय बदलायचं म्हणजे पुन्हा नवी माणसं, नवी सुई. आई तयार नाहीत.

जुनी_फाइल

एक दुरुस्ती. "मालकावर कोणाचाच अंकुश नाही" हे एकदा खोटं ठरलं होतं. १५ एप्रिल २०२० ला केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या आदेशासोबत कामाच्या ठिकाणांसाठी जी कार्यपद्धती दिली, त्यात कामगारांना वैद्यकीय विमा सक्तीचा अशी एक ओळ होती. एकच ओळ. किती लाखांचा, कोणाकोणाला, काही नाही. दुसऱ्याच दिवशी आयआरडीएआयने विमा कंपन्यांना तशा पॉलिसी तयार ठेवायला सांगितलं. आमच्या मालकांनी सगळ्यात स्वस्त एक लाखाची काढली, गेटवर चिकटवली, आणि पुढच्या वर्षी ती नूतनीकरण न होताच संपली. किमान किती ते न लिहिता सक्ती केली की असा कागद मिळतो.

कडवट_काढा

जुनी_फाइल यांना +१. आम्हीही एक लाखाचीच काढली होती. कबूल.

चलनवाला

आता मूळ मुद्द्यावर येतो, कारण धागाकर्त्यांच्या गोष्टीत दोन गोष्टी राहून गेल्या.

पहिली. रेघ ओलांडली की दुसऱ्या दिवशी ईएसआय बंद होत नाही. योगदानाचे काळ दोन, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या मधेच पगार वाढला तर तो काळ संपेपर्यंत माणूस आत राहतो. आणि भरलेल्या योगदानाचा लाभ नंतरच्या काळात मिळतो: ऑक्टोबर-मार्चचा जुलै-डिसेंबरमध्ये, एप्रिल-सप्टेंबरचा पुढच्या जानेवारी-जूनमध्ये. वाढ १ एप्रिलला दिली असती तरी हजेरी पुरेशी असल्यास डिसेंबरअखेर आईचं डायलिसिस चाललं असतं. आणि तीच वाढ १ मे ला दिली असती तर पुढच्या वर्षीच्या जूनअखेर. एका महिन्याच्या उशिराने सहा महिने. आम्ही सल्लागार मंडळी हेच विकून पोट भरतो.

दुसरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात वेतनाची व्याख्या बदलली आहे. जुन्या कायद्यात घरभाडं भत्ता वेतनात धरला जायचा. नव्यात घरभाडं आणि वाहतूक भत्ता बाहेर, फक्त असे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग परत वेतनात येतो. तुमच्या ऑपरेटरच्या २१,६५० ची फोड काय आहे?

पगारपत्रक

मूळ आणि महागाई मिळून १४,०००. घरभाडं ५,६५०. वाहतूक २,०००.

चलनवाला

मग वेतन १४,०००. भत्ते ७,६५०, निम्म्याच्या आत. रेघेपासून सात हजार खाली आहे तुमचा माणूस. पगाराचा तक्ता घेऊन ईएसआयच्या कचेरीत जा आणि लेखी घ्या. तोंडी घेऊ नका.

अण्णा_लालबाग

म्हणजे रेघ न हलवता माणसं आत आली. चला, हेही नसे थोडके. पण काढासाहेब, तुमचेही काही जण आत येणार बरं का.

कडवट_काढा

आत्ताच मोजले. सात.

निमा_हिंजवडी

अवांतर नाही, खरा प्रश्न. कंपनीच्या पॉलिसीत सासूसासरे होते माझे. या संहितेत सुनेच्या नावावर सासूसासरे धरतात का?

चलनवाला

धरतात. बाई कर्मचारी असेल तर कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेले सासूसासरे येतात. मात्र त्यांच्या उत्पन्नाची अट आहे. आणि तुमचं वेतन रेघेच्या आत हवं, हे सांगायला नकोच.

निमा_हिंजवडी

तिथेच घोडं अडलं.

पगारपत्रक

आज दुपारच्या सुट्टीत ऑपरेटरला बसवून सगळं समजावलं, एप्रिल-मे, घरभाडं, वेतन, सगळं. तक्ता घेऊन सोमवारी कचेरीत जातोय. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग साहेब, ती साडेनऊशेची वाढ आता घेऊ का?"

कडवट_काढा

घे म्हणावं. पण मे महिन्यात.